ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आलेल्या पंजाबरावांनी अमरावतीत पोरांच्या राहण्या-जेवणाचा प्रश्न हाती घेतला

बारावीचा निकाल लागला की वऱ्हाडातल्या घराघरात एकच हिशोब सुरू होतो. ॲडमिशन अमरावतीला घ्यायची की अकोल्याला, हा प्रश्न नंतरचा. पोरगं राहणार कुठं आणि जेवणार काय, हा आधीचा. हॉस्टेलला नंबर लागला तर बापाचा जीव भांड्यात पडतो. नाही लागला तर रूमचं भाडं, मेसचं बिल आणि घरची कपाशी यांचा मेळ घालत बसावं लागतं.

हाच हिशोब शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने सगळ्या वऱ्हाडासाठी मांडला होता. त्यांचं नाव डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख.

आज बहुतेकांना ते देशाचे कृषिमंत्री आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं नाव म्हणून माहीत आहेत. पण त्यांच्या कामाची सुरुवात झाली ती अमरावतीतल्या एका वसतिगृहापासून.

२७ डिसेंबर १८९८ ला अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी त्यांचा जन्म झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचं. गावातली शाळा खालच्या इयत्तांपुरतीच होती, त्यामुळे पुढं शिकायचं म्हणजे गाव सोडणं आलं. मग चांदूर रेल्वे, तिथून कारंजा लाड आणि शेवटी अमरावतीचं हिंदू हायस्कूल असा त्यांचा प्रवास झाला. मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले.

म्हणजे शिक्षणासाठी परगावी राहणं काय असतं, हे त्यांनी लहानपणापासून अनुभवलं होतं.

१९२० साली त्यांनी थेट इंग्लंड गाठलं. परदेशी शिक्षणाचा खर्च एका शेतकरी कुटुंबाच्या आवाक्यातला नव्हता. शामरावांनी जमीन गहाण टाकली आणि पोराला बोटीत बसवलं. पंजाबरावांनी एडिंबरो विद्यापीठातून एम. ए. केलं आणि तिथं संस्कृतची शिष्यवृत्तीही मिळवली. ते बॅरिस्टर झाले. पुढे ऑक्सफर्डमध्ये वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट घेतली.

कुणब्याच्या पोराने वेदांवर डॉक्टरेट घ्यायची, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

१९२६ ला ते परत आले आणि अमरावतीत वकिली सुरू केली. बॅरिस्टर आणि डॉक्टर अशा दोन पदव्या असलेला माणूस आरामात पैसा कमवू शकला असता. पण खेड्यातली पोरं शाळेत का टिकत नाहीत, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

आता त्या काळची परिस्थिती समजून घ्या. हायस्कूलं शहरात होती आणि शिकायची गरज असलेली पोरं खेड्यात. रोज ये-जा करायला एसट्या नव्हत्या. शहरात राहायचं तर नातेवाईक हवेत, नाहीतर पैसा हवा. ब्राह्मण समाजातल्या गरीब विद्यार्थ्यांसाठी वारावर जेवण्याची पद्धत होती. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी असं करत आठवडा निघायचा. अशा जेवणावर शिकून मोठी झालेली कितीतरी माणसं महाराष्ट्रात आहेत.

पण कुणब्याच्या, माळ्याच्या, तेल्याच्या पोराला असे वार कोण लावून देणार? आणि महाराच्या, मांगाच्या पोराला तर शहरात खोली मिळणंच मुश्कील. वार लावून जेवणं ही लांबची गोष्ट, त्याला विहिरीवर पाणीसुद्धा भरू देत नव्हते. शाळेची फी माफ केली तरी ही पोरं शिकू शकत नव्हती, कारण रात्री पाठ टेकायला जागा नव्हती आणि दोन वेळच्या भाकरीची सोय नव्हती.

यावर उपाय म्हणून १९२७ च्या सुमारास अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभं राहिलं. डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत हत्या झालेल्या स्वामी श्रद्धानंदांचं नाव त्याला दिलं होतं. आर्य समाजाच्या या संन्याशाने अस्पृश्यता मोडण्यासाठी काम केलं होतं, त्यामुळे नावातच छात्रालयाचा हेतू कळत होता.

महाराष्ट्रात वसतिगृहं याआधीही होती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगपासून सुरुवात करून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींच्या पोरांना एका छताखाली आणलं. वऱ्हाडात पंजाबरावांनी हीच दुसरी वाट धरली. श्रद्धानंद छात्रालयात स्पृश्य आणि अस्पृश्य पोरं एकत्र राहायची आणि एकाच पंगतीत जेवायची.

आज हॉस्टेलच्या मेसमध्ये शेजारी कोण बसलंय याचा कुणी विचार करत नाही. तेव्हा ही ठिणगी होती. ज्या पोराला गावात देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते, ते इथं पाटलाच्या पोराच्या मांडीला मांडी लावून जेवत होतं. सुट्टीत घरी गेल्यावर पाटलाच्या पोराला बाटला म्हणून ऐकून घ्यावं लागणार, हे उघड होतं. तरीही छात्रालयाचा नियम बदलला नाही.

बाहेर तर याहून मोठा वाद पेटला होता. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ सुरू होती. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद झाली आणि पंजाबराव या मागणीच्या बाजूने ठाम उभे राहिले. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं. छात्रालयातल्या पोरांना जे शिकवायचं, ते त्यांनी आधी स्वतःच्या घरात केलं.

वसतिगृह सुरू करणं एक वेळ सोपं असतं, चालवणं अवघड. पोरांना रोज दोन वेळ भूक लागते. वर्गणी कधी येते, कधी येत नाही. १९२९ नंतर जगभर मंदी आली, कापसाचे भाव पडले आणि कापसावर जगणाऱ्या वऱ्हाडात दानधर्म करणाऱ्यांचेही हात आखडले. पोरांच्या जेवणासाठी विमलाबाईंनी अंगावरचे दागिने दिले, असं वऱ्हाडात आजही सांगितलं जातं. लग्नानंतर त्या स्वतःही शिकल्या, वकिलीची पदवी घेतली आणि पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

एका छात्रालयाने सगळ्या वऱ्हाडाचा प्रश्न सुटणार नाही, हे पंजाबरावांना कळत होतं. १९२८ ला ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या आणि शिक्षणासाठीचा कर वाढवला. कर वाढवणारा पुढारी कुणालाच आवडत नाही, पण शाळा चालवायला दुसरा मार्ग नव्हता.

१९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. त्यांच्याकडे शिक्षण आणि शेती ही खाती आली. देवस्थानांकडे पडून असलेला पैसा समाजाच्या कामी यावा म्हणून त्यांनी १९३२ मध्ये हिंदू देवस्थान संपत्ती बिल मांडलं. त्याला कडाडून विरोध झाला.

त्याच १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. पुढे या संस्थेच्या शाळा आणि कॉलेजं अमरावती, अकोल्यापासून विदर्भभर पसरली. या कॉलेजांमुळे खेड्यातल्या पोराला पदवीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरण्याची गरज उरली नाही. घर सोडावं लागलंच तर ते एका जिल्ह्यापुरतं. आठवड्याने बाप बाजाराला आला की पोराला भेटून, पिशवीत ज्वारीचं पीठ देऊन जाऊ शकत होता.

स्वातंत्र्यानंतर पंजाबराव दिल्लीत गेले. संविधान सभेत ते सदस्य होते आणि तिथंही शेतकरी व मागास समाजाची बाजू त्यांनी लावून धरली. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन वेळा अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवलं. केंद्रात त्यांनी दहा वर्षं शेतीचं काम पाहिलं. भातशेतीची जपानी पद्धत देशभर नेली, १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला, दिल्लीत १९५९-६० मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर त्या प्रदर्शनाला आले होते.

१० एप्रिल १९६५ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

त्यानंतर दोनच वर्षांनी वऱ्हाड पेटला. कृषी विद्यापीठ अकोल्यातच झालं पाहिजे म्हणून १९६७ मध्ये आंदोलन झालं, गोळीबार झाला, लोकांचे जीव गेले. शेवटी २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याला पंजाबरावांचं नाव मिळालं. आज विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून आलेली पोरं-पोरी या विद्यापीठाच्या हॉस्टेलात राहून शेतीचं शिक्षण घेतात.

त्यांच्या नावाची आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. राज्य सरकारने २०१६-१७ पासून डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना सुरू केली. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांची मुलं व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली, की त्यांच्या राहण्या-जेवणासाठी हा भत्ता मिळतो. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. ट्यूशन फीच्या सवलतीसाठी वेगळी योजना आहे. ही योजना फक्त छप्पर आणि भाकरीसाठी आहे.

या योजनेला पंजाबरावांचं नाव देणं अगदी बरोबर आहे. फी माफ झाली म्हणून गरिबाचं पोरगं शिकतंच असं नाही, तिथं त्याच्या मुक्कामाचीही सोय लागते. शामरावांनी गहाण टाकलेल्या जमिनीतून एक पोरगं ऑक्सफर्डला पोचलं. प्रत्येक बापाकडे गहाण टाकायला जमीन नसते, हे त्या पोराने लक्षात ठेवलं आणि परत येऊन अमरावतीत छात्रालय काढलं.