कार्ल विल्हेल्म शेले

कार्ल विल्हेल्म शेले (९ डिसेंबर १७४२ – २१ मे १७८६) हे स्वीडनमध्ये कार्य केलेले औषधनिर्माते व रसायनशास्त्रज्ञ होते. १७८४ मध्ये त्यांनी लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल प्रथमच स्फटिकरूपात वेगळे केले.

जीवन

शेले यांचा जन्म स्ट्रालसुंड येथे झाला. हे गाव आज जर्मनीत असले तरी त्या वेळी स्वीडनच्या अमलाखाली होते. अकरा भावंडांत ते सातवे. चौदाव्या वर्षी ते गॉथेनबर्गमधील एका औषधनिर्मात्याकडे उमेदवारीस राहिले. विद्यापीठीय शिक्षण त्यांना मिळाले नाही. दुकानातील रसायने आणि तेथील ग्रंथ हेच त्यांचे विद्यालय ठरले. पुढे माल्मो, स्टॉकहोम व उप्साला येथे नोकरी करून १७७५ मध्ये ते केपिंग या लहान गावी औषधालय चालवू लागले. त्याच वर्षी स्वीडनच्या शाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले.

प्राणवायू त्यांनी जोसेफ प्रीस्टली यांच्या आधी तयार केला होता. मात्र त्यांचा ग्रंथ १७७७ मध्ये छापून निघाला आणि तोवर प्रीस्टली यांचे संशोधन प्रसिद्ध झाले होते. १७७४ मध्ये त्यांनी मँगॅनीजच्या खनिजापासून क्लोरीन वायू मिळवला. (नागपूर जिल्ह्यातील मनसरच्या खाणींमुळे मँगॅनीज विदर्भाला परिचित आहे.) परंतु शेले यांचे नाव केवळ हुकलेल्या श्रेयासाठी घेणे अन्यायाचे होईल. टार्टारिक, लॅक्टिक, मॅलिक, युरिक अशी कितीतरी सेंद्रिय आम्ले त्यांनी शोधली.

सायट्रिक आम्ल

लिंबाचा रस नुसता आटवला तर चिकट पाक उरतो. साखर आणि इतर द्रव्ये आम्लाचे स्फटिक बनू देत नाहीत. टार्टारिक आम्लाच्या वेळी उपयोगी पडलेली युक्ती शेले यांनी येथेही योजली. गरम रसात खडूची पूड घातली की कर्बवायूचा फेस येतो. फेस थांबेपर्यंत पूड घालत गेल्यास आम्ल कॅल्शियमशी संयोग पावून कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका तळाशी बसतो. हे लवण थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळते, म्हणून रस गरम ठेवावा लागतो. धुतलेल्या साक्यावर विरल सल्फ्यूरिक आम्ल टाकले की कॅल्शियम जिप्समच्या रूपाने खाली बसतो आणि वरच्या द्रवात सायट्रिक आम्ल मोकळे होते. हा द्रव गाळून आटवल्यावर स्वच्छ स्फटिक मिळतात.

या रेणूत सहा कार्बन, आठ हायड्रोजन व सात ऑक्सिजन अणू असतात हे शेले यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. तेव्हा रासायनिक सूत्रेच अस्तित्वात नव्हती. रेणूतील तीन कार्बॉक्सिल गट प्रत्येकी एक हायड्रोजन देऊ शकतात. म्हणून सायट्रिक आम्ल त्रिआम्लारीय मानले जाते, आणि दोन सायट्रेट गट तीन कॅल्शियम आयनांना बांधतात. लिंबाच्या रसात हे आम्ल साधारण ५ ते ६ टक्के असते. पिकलेल्या नागपुरी संत्र्यात ते त्याहून पुष्कळ कमी असते. फळ पिकताना आम्ल घटून गोडी वाढते. प्रयोगासाठी नागपूरच्या विद्यार्थ्यानेही लिंबूच घेतलेले बरे.

एकोणिसाव्या शतकात इटलीतील लिंबांपासून याच पद्धतीने सायट्रिक आम्ल तयार होई. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी काळ्या बुरशीच्या साहाय्याने साखरेपासून ते बनवण्याचा मार्ग दाखवला आणि लिंबांची गरज संपली. तरीही बुरशीच्या द्रवातून आम्ल वेगळे काढताना अनेक कारखान्यांत आजही चुना आणि सल्फ्यूरिक आम्लच वापरतात.

मृत्यू

नवे द्रव्य चाखून पाहण्याची शेले यांना सवय होती. हायड्रोसायनिक आम्लाच्या चवीचेही वर्णन त्यांनी केले आहे. आर्सेनिक, पारा यांसारख्या विषारी द्रव्यांच्या सततच्या संपर्काने त्यांची प्रकृती ढासळली असावी, असे मानले जाते. वयाच्या ४३व्या वर्षी केपिंग येथे त्यांचे निधन झाले. केपिंगचे औषधालय त्यांच्याकडे सारा पोल यांच्या दिवंगत पतीकडून आले होते. ते पुन्हा सारा यांच्याच मालकीचे व्हावे म्हणून मृत्यूच्या दोन दिवस आधी शेले यांनी त्यांच्याशी विवाह केला.