फातिमा इस्माईल : पोलिओग्रस्त मुलांना उभे करणारी आई

तुमच्या बाळाला बसायला-चालायला उशीर होतोय का? मग फातिमा इस्माईल यांच्याविषयी जरूर वाचा.

फातिमाबाई मुंबईच्या, स्वातंत्र्य चळवळीतल्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला, तेव्हा त्यावर लसही नव्हती. उपचारांसाठी त्या तिला घेऊन मद्रासपर्यंत गेल्या. मुलगी सुधारली. मग इतरांच्या मुलांसाठी त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत पोलिओ उपचार केंद्र काढले. डॉ. बाळिगांनी जागा दिली. पुढे हाजीअलीला मुलांचे अस्थिव्यंगोपचार रुग्णालय उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

पोलिओत मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. पण उरलेले स्नायू व्यायामाने बळकट होतात, सांधे आखडत नाहीत. सेरेब्रल पाल्सीचे मूल असो वा अर्धांगवायू झालेले आजोबा, व्यायाम लवकर सुरू करणे आणि नियमित करणे महत्त्वाचे.

गारगोटीहून रोज कोल्हापूर गाठणे सगळ्यांना जमत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्या, घरी रोज करा आणि ठरल्या वेळी पुन्हा दाखवा. दीड वर्षाचे मूल चालत नसेल, तर 'चालेल हळूहळू' म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.