न्या. गजेंद्रगडकर आणि ग्रॅच्युइटीचा हक्क

निवृत्तीच्या वेळी हाती पडणारी ग्रॅच्युइटी ही मालकाची कृपा की कामगाराची कमाई? ती कमाईच आहे, हे न्यायासनावरून ठामपणे मांडणाऱ्यांत न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर अग्रणी होते.

१६ मार्च १९०१ रोजी साताऱ्यात संस्कृत पंडितांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे कर्नाटकातील गजेंद्रगडचे. धारवाड व पुणे येथे शिकून त्यांनी मुंबईत वकिली केली. १९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

१९६१ मध्ये मुंबईच्या गारमेंट क्लीनिंग वर्क्सचा वाद त्यांच्यासमोर आला. गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेल्या कामगाराला ग्रॅच्युइटी देऊ नये, असा मालकाचा आग्रह होता. तो त्यांनी अमान्य केला. दीर्घ सेवेने मिळवलेला हक्क बडतर्फीने बुडत नाही. त्या गैरवर्तनाने आर्थिक हानी झाली असल्यास तेवढीच रक्कम वळती करावी, असा निर्णय झाला.

१९६४ ते १९६६ या काळात ते सरन्यायाधीश होते. पुढे पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. आयोगाचा अहवाल १९६९ मध्ये सादर झाला. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने सर्वसाधारणपणे ५ वर्षांच्या सेवेनंतर प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन हक्काचे ठरविले. हानीपुरती वजावट त्यातही आली. मात्र हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाच्या अपराधासाठी संपूर्ण रक्कम जप्त करण्याची मुभाही राहिली.

१२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. कृपा आणि कमाई यांतील त्यांनी दाखविलेला भेद मात्र आजही कामगाराच्या उपयोगी पडतो.