विश्लेषण : चित्रातला पेशवा खरोखर सत्ताधीश होता का?

युरोपात प्रबोधनकाळापासून राजे-सरदार व्यक्तिचित्रांतून आपला दरारा मांडत. पुण्यात हेच काम स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी केले. १७९२ मध्ये त्यांनी सवाई माधवराव पेशवे यांना नाना फडणवीसांसोबत रंगवले. दागिन्यांनी मढलेला तरुण पेशवा, जवळ कारभारी, सोबत सेवक. मानाची जागा पेशव्यांची. कारभार मात्र नानांच्या हाती.

वडील नारायणरावांच्या खुनानंतर, १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या माधवरावांना अवघ्या ४० दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रे मिळाली. राज्य त्यांच्या नावाने चाले, निर्णय नानांचे असत. ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात उंचावरून पडून २१ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. अपघात की आत्महत्या, हा वाद अजून मिटलेला नाही. वेल्सही पुढच्याच महिन्यात वारले. चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.