पुणे म्युनिसिपालिटीतील जोतीराव

आपल्या माळी समाजात १८२७ साली जन्मलेल्या महात्मा जोतीराव फुले यांचे शिक्षणकार्य सर्वश्रुत आहे. परंतु म्युनिसिपालिटीचे सभासद म्हणून त्यांनी बजावलेली कामगिरी तितकीशी ज्ञात नाही.

१८७६ ते १८८२ या काळात ते पुणे म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० च्या जुलैत कार्यकारी समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांस पत्र लिहून त्यांनी दारूच्या दुकानांस हरकत घेतली. नगराच्या आरोग्यरक्षणार्थ म्युनिसिपालिटीने मोठ्या खर्चाचे खाते चालवावे आणि त्याच नगरात देह व संसार नासविणारी दुकाने वाढू द्यावीत, ही विसंगती त्यांनी दाखविली.

व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतार्थ १,००० रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा ती रक्कम गरिबांच्या शिक्षणास लावावी, असे त्यांनी सुचविले. ३२ सभासदांत विरोधी मत त्यांचे एकट्याचेच पडले. नव्या मंडईच्या खर्चिक इमारतीसही त्यांचा विरोध होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. पुढे त्याच मंडईस त्यांचे नाव देण्यात आले. नगरपालिकांत बसणाऱ्या ज्ञातिबांधवांनी मात्र ते एकाकी मत स्मरावे. इमारतीवरील नावाहून ते अधिक मोलाचे आहे.