दारू सोडवणारे गाडगेबाबा

दारूने किती घरे बसली, हे आम्ही गिरणी कामगारांनी डोळ्यांनी पाहिले आहे. संत गाडगेबाबांचे घरही असेच बसले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी जन्मलेल्या डेबूजीचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. आईने लेकराला घेऊन माहेर गाठले. म्हणूनच पुढे मुलीच्या बारशाला डेबूजींनी रिवाज मोडला, दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण वाढले. १९०५ साली घर सोडले. गावोगाव कीर्तनात प्रश्न विचारून ते दारुड्यालाच विचार करायला लावीत. नवस, गंडेदोरे नव्हे. माणूस सुधारतो, ही त्यांची श्रद्धा. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. आपण विहारात पाचवे शील म्हणतो. मग वस्तीतल्या पिणाऱ्या भावाला हाकलायचे नाही, हाताला धरून इथे आणायचे. जय भीम!