आमच्या शिक्षणाची माय : जाईबाई चौधरी



नागपूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दीक्षाभूमी उभी राहते, १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस आठवतो. पण त्याच नागपुरात त्याच्या चौतीस वर्षं आधी एका अस्पृश्य बाईने आपल्या मुलींसाठी शाळा काढली होती, हे आपल्या कळंबमध्ये किती जणांना ठाऊक आहे? वर्धापनदिनाला आपण मोठ्या नेत्यांची नावं घेतो, ती घ्यायलाच हवीत. यंदा या पानावर जाईबाईंची आठवण करावी असं वाटलं.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली नागपूर जिल्ह्यातील उमरेड येथे एका गरीब महार कुटुंबात झाला. १८९६ साली दुष्काळ पडला आणि घरची माणसं पोटासाठी नागपूरला आली. १९०१ साली, वयाच्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचं लग्न लावून दिलं. सासरीही गरिबीच. मग जाईबाई हमाली करू लागल्या. नागपूर-कामठी भागात, कन्हान नदीच्या वाटेने, लोकांचं सामान डोक्यावरून वाहून न्यायचं. आपल्या वसईच्या भाजीवाल्या बाया टोपल्या घेऊन लोकलने मुंबईला जाताना आपण पाहिल्या आहेत. पण त्या टोपलीत निदान आपल्या वाडीचा माल असतो. जाईबाईंच्या डोक्यावर ओझं दुसऱ्याचं, मजुरी तेवढी आपली.

या कष्टकरी बाईकडे ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंचं लक्ष गेलं. त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. पगार महिना चार रुपये. हमालीतून सुटका झाली, वरून मान मिळाला. पण फार दिवस नाही. मास्तरीण अस्पृश्य आहे, हे सवर्ण पालकांना कळलं आणि त्यांनी मुलांना शाळेत पाठवायचंच बंद केलं. शिकवण्यात काही खोट नव्हती, खोट होती ती जातीत. नोकरी गेली.

अशा वेळी माणूस काय करतो? नशिबाला बोल लावून पुन्हा ओझी वाहायला जातो. जाईबाईंनी तसं केलं नाही. त्यांच्या हातून शिकायला कुणी तयार नसेल, तर ज्यांना कुणीच शिकवत नाही त्या मुली तर वस्तीत होत्याच ना! १९२२ साली त्यांनी नागपूरला संत चोखामेळा कन्या शाळा सुरू केली. चोखामेळ्याचं नाव आज आपल्यापैकी काहींना खटकेल. पण तो काळ वेगळा होता, आणि खुद्द बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे, हेही ध्यानात ठेवावं.

पुढे जाईबाई नागपूरच्या अस्पृश्य महिलांच्या चळवळीत पुढारी म्हणून वावरू लागल्या. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. देशभरातल्या शिकल्या-सवरल्या बायका आल्या होत्या, स्त्रियांच्या उद्धाराची भाषणं होत होती. जाईबाईही तिथे गेल्या. जेवणाची वेळ झाली तेव्हा मात्र त्यांना आणि त्यांच्या सोबतच्या बायकांना वेगळं बसवलं. पंचेचाळीस वर्षांची बाई, पंधरा वर्षं शाळा चालवलेली, आणि पंगतीत पुन्हा बाहेरच! शाळेची नोकरी गेली तेव्हा जाईबाई एकट्या होत्या. आता तशा नव्हत्या. १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरातच अस्पृश्य स्त्रियांची निषेध सभा भरली, आणि उद्धाराच्या गप्पा मारणाऱ्यांना तिथे जाब विचारला गेला. तारीख पाहा, आपला भीमा-कोरेगावचा दिवस.

त्यानंतर चारच वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरला बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित महिला परिषद झाली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका जमल्या, घटस्फोटाचा हक्क मिळावा, एकाहून जास्त बायका करायला बंदी असावी असे ठराव झाले. त्या काळात असे ठराव करायला आमच्या बायका उभ्या राहिल्या, ही काही एका दिवसात घडलेली गोष्ट नव्हे. त्यामागे जाईबाईंसारख्यांच्या वस्तीतल्या लहान लहान शाळा होत्या, असं आमचं मत आहे.

१९६४ साली जाईबाई गेल्या. नागपुरात त्यांच्या नावाची शाळा पुढे उभी राहिली.